पन्नासताईंच्या तीनशे बस

कंट्रोल रूममध्ये त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. विजेची फ्रिक्वेन्सी पन्नासवर ठेवायची, पंचवीस वर्षं हेच काम, म्हणून पन्नासताई! आकडा पन्नासच्या खाली घसरला की समजायचं, मागणी वाढलीय आणि वीज कमी पडतेय. समोरचा चहा गार व्हायचा, पण ताईंची नजर काही आकड्यावरून हलायची नाही.

त्या दुपारी उकाडा असा की घरोघरी एसी सुरू, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं! सौर पॅनेलची वीज धाडकन घटली. ४९.८... ४९.७...

"ताई, एका भागाची वीज बंद करावीच लागणार," साहेब म्हणाले. "आज पाळी कुणाची?"

पाळ्यांची यादी ताईंनीच केलेली. आज पूर्व भाग. तिथेच त्यांचं घर, घरात सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर, आणि मशीनची बॅटरी कालच दुरुस्तीला दिलेली! पण पाळी बदला म्हणायला जीभ रेटेना.

"पूर्व," त्या म्हणाल्या. "पण साहेब, दोनच मिनिटं द्या मला!"

त्यांनी बस डेपोच्या मॅनेजरला फोन लावला. "दादा, तीनशे बसचं चार्जिंग आत्ताच्या आत्ता थांबवा!"

"आणि संध्याकाळी माणसं काय खांद्यावरून नेऊ?"

"वीस मिनिटांत वीज परत देते. थांबवा हो!"

दादांनी थांबवलं. आकडा थबकला, मग चढू लागला. रूममध्ये नुसता जल्लोष! ढगही सरकले. वीस मिनिटांनी ताईंनी खुशीतच फोन केला, "करा सुरू!"

आणि तिथेच घात झाला. तीनशेच्या तीनशे बस एका दमात सुरू! आकडा दणकन खाली, साहेबांचा हात पूर्व भागाच्या बटणाकडे.

"अहो, सगळ्या एकदम नाही! बंद करा, दहा-दहा करून लावा!" ताई फोनवर किंचाळल्याच. "चूक माझी, साहेब! मीच सांगायला विसरले. क्षणभर थांबा!"

साहेब थांबले. दहा बस. मग आणखी दहा. आकडा सावकाश पन्नासवर येऊन टेकला, तेव्हा ताईंनी घरी फोन लावला.

"अगं, आत्ता कसला फोन?" सासूबाई खेकसल्या. मागे मशीनची घरघर चालू होती. "माझ्या मालिकेत लग्न लागतंय!"

"बघा आई, निवांत बघा," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या.