दुखावली

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. डोळ्यांची आखणी झालेली मूर्ती हलवताना धक्का लागून कधी कान, कधी हात निखळायचा. पण 'तुटली', 'फुटली' हे शब्द कारखान्यात चालत नसत. मूर्ती 'दुखावली' म्हणायचं. लहानपणी मी एकदा 'फुटला' म्हणाले, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. दुखावलेली मूर्ती फडक्यात गुंडाळून ठेवत आणि बाबा ती खाडीत सोडून येत. तिचा विषय पुन्हा निघत नसे.

नव्वदीच्या दशकात भाऊ रोह्याला कंपनीत लागला. तरी सुट्टीच्या दिवशी आखणी त्याचीच. बाबांचा हात कापायला लागला होता आणि डोळे काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

एका दुपारी त्याच्या शिफ्टमधला मित्र दारात उभा राहिला. ''काका, घाबरू नका. त्याचा उजवा हात जरा दुखावलाय.''

तो बिचारा जपून बोलला होता. बाबांनी मात्र हातातलं काम खाली ठेवलं. आई लगेच पिशवी भरायला लागली. मशीनमध्ये बोटं गेली, हे आम्हाला रोह्याच्या दवाखान्यात कळलं, पण घरात ते त्या एका शब्दाने आधीच कळून चुकलं होतं. मला रडू आलं नाही. रोज डबा भरायचा, एसटी पकडायची, त्याला भरवायचं, परत यायचं. आत सगळं बधिर होतं.

तो घरी आला. येईल त्याला आई सांगायची, ''हात दुखावलाय हो त्याचा.'' तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

पुढच्या हंगामात मूर्ती ठरवायला आलेल्या एका बाईंना आई तेच सांगत होती. भाऊ उठून बाहेर आला.

''आई गो, दुखावलाय म्हणू नको. दुखावलेल्याचं आपण काय करतो, म्हाईत हाय ना तुला? माझी बोटं तुटलीत. तुटली म्हण.''

बाई चपला शोधायला लागल्या. बाबा रंग कालवत होते, त्यांनी मानही वर केली नाही.

''बोटं तुटली त्याची,'' ते त्या बाईंना म्हणाले. ''हात हाय अजून.''

मी मागच्या दारी गेले आणि वर्षभराचं रडले.