मास्तरांचा गज

मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जिवावरचं हातावर निभावलं, असं समजा." पण व्हायोलिन शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला याचं समाधान कसं वाटावं? बोलणं हळूहळू सुधारलं, डावा हातही शाबूत राहिला. उजवा मात्र मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. डाव्या हाताची बोटं तारांवर कितीही नाचोत, उजव्या हातानं गज ओढल्याशिवाय सूर निघणार कुठून? शिकणारे एकेक करून पांगले.

मास्तरांची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. शिकणारे सगळे तिला काकू म्हणत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिनं व्हायोलिनला कधी बोट लावलं नव्हतं. "तुमच्या चेल्यांच्या वाजवण्यानं माझं दूध नासतं," असं ती म्हणायची.

एकदा ती भाजी चिरत असताना बाहेरच्या खोलीतून बारीक टकटक ऐकू आली. डोकावून पाहिलं, तर मास्तर हनुवटीखाली व्हायोलिन धरून तारांवर नुसती बोटं ठेवत होते. अख्खी गत चालली होती, पण मुकी. हात पुसून काकूंनी खुर्ची मास्तरांच्या उजव्या अंगाला ओढली आणि गज उचलला.

"अगं, काय करतेस?"

"गज मी ओढते. तुम्ही बोटं सांभाळा."

पहिला आवाज दारात शेपूट अडकलेल्या मांजराचा निघाला.

"इस्त्री नको करूस गं! तार आहे ती, चादर नाही."

"जन्मभर दाबायचंच तर शिकलेय मी!"

मग शिकवणी सुरू झाली. अंगठा किंचित वाकलेला, करंगळी गजाच्या काठीवर अलगद टेकलेली. दाबायचं नाही, हाताचं वजनच पुरतं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला समांतर, सरळ रेषेत गज न्यायचा. टोकाशी आवाज बारीक होतो, तिथं पहिल्या बोटानं जरासा भार द्यायचा. काकूंचा गज घसरून घसरून घोडीवरच जायचा. शेवटी मास्तर खेकसले, "आंधळी आहेस का?"

काकूंनी गज खाली ठेवला. "परक्यांच्या पोरांना साखर घोळून सांगता, आणि बायकोला हे?"

मास्तर ओशाळले. "चुकलं माझं. घे, परत एकदा." त्या दिवसापासून ते बायकोलाही चेल्यासारखंच शिकवू लागले. मधूनच "छान" म्हणायचे. स्वयंपाकाला हा शब्द कधी मिळाला नव्हता, हे काकूंनी लगेच ऐकवलंही.

गज सरळ जाऊ लागला, तरी जुळेना. बोटं पुढं, गज मागं. मग काकूंच्या लक्षात आलं, की सूर बदलण्याआधी मास्तर हलकेच श्वास घेतात. त्यांनी बोटांकडे बघायचं सोडलं आणि तो श्वास ऐकायला लागल्या. त्या संध्याकाळी संथ गत पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजली. गज खाली ठेवत काकू म्हणाल्या, "चहा ठेवू?"

जुना चेला घड्याळवाला समाचाराला आला, तेव्हा दोघं वाजवतच बसली होती. तो दारातच थबकला. गत संपल्यावर म्हणाला, "मास्तर, उद्यापासून मी येतो."

"येशील रे, पण गज कसा धरायचा ते दाखवू कसा?"

"काकू दाखवतील की!"

"मी? मला काय येतंय?" काकू म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याचं ताठलेलं मनगट त्यांनीच धरून सैल केलं. आपण कुठं कुठं अडखळलो ते त्यांना ताजं आठवत होतं, त्यामुळे नवख्याची अडचण त्यांना चटकन कळायची. हळूहळू खोली पुन्हा भरली. बोटं मास्तरांकडे, गज काकूंकडे, अशी वाटणी झाली. धुलाईघरात त्यांनी अर्धीच पाळी मागून घेतली.

मास्तरांचा हात काही परत आला नाही. दोघं मिळून वाजवतात त्या गती अजून संथच आहेत. जलद काही घ्यायला गेली, की आधी कोण चुकलं यावरून जुंपते, आणि शिकायला आलेले लोक गज मांडीवर ठेवून निकालाची वाट बघत बसतात.