काठी आधी मोडली, मग मी पडलो

मंडळींनो, आमच्या जावयांनी दुपारी या समूहावर लिहिले, "नाना सरावाच्या कृत्रिम बर्फावर पडले आणि त्यांची स्कीइंगची काठी मोडली." क्रम चुकला आहे. काठी आधी मोडली, म्हणून मी पडलो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण मुलगी आता मला नातीबरोबर स्कॉटलंडला स्कीइंगला जाऊ देणार नाही म्हणते.

काठी कोरी होती, कार्बनची. दुकानदाराने बजावले होते, "ॲल्युमिनियमची काठी वाकते, पण पुन्हा सरळ करता येते. कार्बनची हलकी आणि भक्कम. मात्र तिला एकदा चीर गेली, की ती अचानक मोडते." मग चीर गेली कधी? मला उलगडेना.

सौ. म्हणाली, "अहो, इथे इंग्लंडात, वॉटफर्डात वेळू मिळेना म्हणून गुढी कशावर उभारलीत? आणि ती हलू नये म्हणून वरून खाली सरकणारी खिडकी तिच्यावर कोणी दाबून बसवली?"

दोष आता वयाचा, कार्बनचा की खिडकीचा? आणि पुढची काठी कोणती घ्यावी? जाणकारांनी सांगावे. तोवर नोंद अशी वाचावी :

पाडव्याआधीचा शनिवार : खरेदी.
पाडवा : गुढी. खिडकी मीच लावली.
आज, सकाळी : काठी मोडली.
आज, त्यानंतर : मी पडलो.