एक्झा झालाय

सतरा वर्षं एकाच दवाखान्यात नर्स म्हणून काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुपारी पेशंट संपतात, बाकावर ऊन येतं, आणि तिथं जरा टेकलं की एकेक आपोआप आठवत जातो. आमचा दवाखाना नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळचा, छातीच्या विकारांचा. साखर कारखान्याचा सीझन सुरू झाला की आभाळातून काजळी तरंगत खाली येते, दोरीवरच्या कपड्यांवर अलगद बसते, आणि आमच्याकडे गर्दी होते. माझे निम्मे किस्से त्या दिवसांतले, आणि एकाच शब्दाचे.

*

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, केसपेपरवर लिहा, एक्झॅसर्बेशन."

मला वाटलं, नवा रोग आला. हळूच विचारलं, "मॅडम, हा पसरतो का?"

त्या हसल्या नाहीत. "रोग जुनाच. दमा पेशंटला असतोच, बरेच दिवस गप्प असतो. मग एकदम बळावतो. धाप वाढते, खोकला वाढतो. त्या बळावण्याला हा शब्द."

घरी जाताना एसटीत मी तो शब्द डोळे मिटून पुटपुटत होते. शेजारच्या बाईंनी उठून मला खिडकीची जागा दिली. म्हणाल्या, "नामस्मरन चाललंय तुमचं. बसा निवांत."

*

पेशंटांनी त्या शब्दाचा लवकरच 'एक्झा' केला. सोपानराव म्हणून एक शेतकरी ॲडमिट होते. त्यांच्या मुलानं केसपेपरचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तो लांबलचक शब्द वाचून सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा जातो. दुपारपर्यंत तीन गावांची माणसं व्हरांड्यात जमली. त्यात बांधावरून भांडलेला धाकटा भाऊही होता. नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

सोपानराव कॉटवर बसून पपई खात होते. भाऊ दारात थांबला. मग सोपानरावांनी पपईची एक फोड पुढं केली.

डिस्चार्जच्या दिवशी ते मॅडमना म्हणाले, "बहिनीचं बी येनंजानं बंद हाय. तेवढा एक्झा आणखी एकदा लिहून देता का?"

*

जेम्स गुरुजी रिटायर्ड शिक्षक. चर्चमध्ये पेटी वाजवायचे. नाताळची सजावट काढायला माळ्यावर चढले की धुळीनं त्यांचा दमा उठायचा. आमच्या केसपेपरवरचं स्पेलिंग ते लाल पेनानं दुरुस्त करायचे.

एकदा बाकावरच्या एका बाईनं त्यांना विचारलं, "गुरुजी, एक्झा म्हंजी काय वो?"

गुरुजी वाफ घेत होते. मास्क बाजूला करून म्हणाले, "गाणं संथ चाललेलं असतं, ताई. मग पेटी अचानक वरच्या पट्टीत जाते. गाणं तेच, पण गाणाऱ्याचा श्वास पुरत नाही."

बाई विचारात पडली. "मंग खाली कोन आनतं?"

गुरुजींनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि मास्क पुन्हा लावला. त्या दिवशी मी दुप्पट हळू चालले, का ते माहीत नाही.

*

आणि चंद्रभागाबाई. त्यांच्या नवऱ्याचं, रंगनाथरावांचं, फुप्फुस फार थकलेलं. मॅडमनी बजावलं होतं, बळावायला लागलं की लगेच आणायचं. चंद्रभागाबाई प्रत्येक वेळी अगदी वेळेवर आणायच्या, धाप लागायच्या आधीच.

मॅडमनी एकदा विचारलं, "तुम्हाला इतक्या लवकर कळतं कसं?"

"हे गाईसंगं बोलायचं थांबत्यात," त्या म्हणाल्या.

मॅडमनी ते केसपेपरवर तसंच लिहून घेतलं. गाईशी बोलत नाहीत.

गेल्या सीझनला रंगनाथरावांना नगरला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. अकरा दिवस मशीनवर होते. घरी सोडल्याचं कळलं, पुढं काहीच नाही. शेवटी एका सकाळी मॅडमनीच चंद्रभागाबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं होती.

"चंद्रभागाबाई, कसे आहेत ते?"

पलीकडून नुसती पावलं ऐकू आली, मग पत्र्याचं दार करकरलं, मग घुंगरू. बाकावरचं खोकणंही थांबलं.

मग एक बारीक, घोगरा आवाज आला.

"सर की जरा, कपिले. समदं आंग माझ्यावरच टाकती."

मॅडमनी फोन बंद केला नाही. बाहेरून कुणी आपला नंबर कधी येणार, तेही विचारलं नाही.