कबड्डीवर मोजलेलं कार्ड

मला अक्षर वळकू येत न्हाई, हे मी कुणापसून लपवलं न्हाई. लपवून बी उपेग नव्हता, तोंडावरच दिसायचं. गावात दुसरीत व्हतो तवा विद्यापीठाच्या नामांतराची गडबड झाली. आमच्या घराचं छप्पर जळालं, अन् बापानं आमाला घिऊन जिंतूर गाठलं. शाळा तिकडंच ऱ्हायली. गुरुजीला बरंच वाटलं आसंल. दोन वरसात मी 'ग'च्या म्होरं सरकलो नव्हतो.

आन् आसा माणूस लागला कुठं, तर कम्प्युटरच्या क्लासात. नामांतर तवा बी झालं नव्हतं, नुस्तं बोलणं चालू व्हतं. बाजारात एका दुकानाच्या माडीवर क्लास. झाडणं, पाणी भरणं, पोरांला चपला दारात काढायला लावणं, ही माझी नोकरी. चपलाची धूळ गेली की कम्प्युटर बिघडतो, आसं सर म्हणायचे. मला चपलाच नव्हत्या. माझ्या पायाच्या धुळीचं कुणी इचारलं न्हाई.

कम्प्युटर दोन. डबे सारखेच, पण एकाच्या पडद्यावर समदं नुस्तं हिरवंच दिसायचं. एक दिवस सर औरंगाबादहून यष्टीनं आले ते मांडीवर टावेलात काही तरी गुंडाळून. मला वाटलं कुणाचं लेकरू हाय. तर ते कार्ड व्हतं. वीतभर हिरवी पट्टी, डब्याच्या पोटात खोचायची. पडद्यावर काय दिसंल, किती रंगात दिसंल, ते ही पट्टी ठरवती. जुन्या डब्यात जुनं कार्ड, एकच रंग. दुसऱ्या डब्यात हे नवं, सोळा रंगाचं, संगं रंगीत पडदा.

नवं खोचून झाल्यावर सर खुशीत मला म्हणले, "आता पोरं सगळी रंगीतकडं पळतील. जुनं मोकळं पडंल. मग रोज घंटाभर तू बस त्याच्यावर. शिकवतो तुला. ऑपरेटर करतो."

मी हे घरी बायकोला सांगितलं, हीच माझी चूक. दोन दिवसात सगळ्या वस्तीला कळालं. नळावर बाया मला वाट द्यायला लागल्या, "सरका, ऑपरेटर आले." मी बी घागर जरा दमानं उचलायला लागलो, शिकल्यावानी.

सरांनी तवर खाली पाटी रंगवून घेतली, नवं मशीन जुन्याच्या चौपट चपळ. पालक म्हणले, दाखवा. सरांनी रविवारचा दिस धरला. दोन्हीवर आळीपाळीनं एकच चित्र काढायचं, घर, नारळाचं झाड, वर सूर्य. जे कमी येळात पुरं करंल ते चपळ.

शनिवारी आमी दोघांनीच करून बघितलं. सरांच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता, तुटून पडलेला. मग ते म्हणले, "तू कबड्डी खेळतो ना? एका दमात एकसारखं कबड्डी म्हण, मी मोजतो." जिंतुरात माझ्या दमाला नाव व्हतं. दुसऱ्या कशाला नव्हतं. मी म्हणत गेलो, सर कागदावर रेघा वढत गेले. जुन्या कार्डानं चाळीस कबड्डीत सूर्यासकट घर उभं केलं. नव्याला लागल्या बासष्ट.

सरांचा चेहरा उतरला. मी इचारलं, "आसं कामून, सर? हे तर नवं हाय."

"अरे, जुन्याला एकाच रंगानं भिंत सारवायची. ह्याला सोळा रंगाची रांगोळी भरायची. येळ लागणारच."

मंग ते माझ्याकडं न बघता म्हणले, "उद्या जुन्याला घाईनं म्हण. नव्याला सावकास. नवं जितलं तरच जुनं मोकळं ऱ्हाईल, ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. रातभर तेवढंच ठेवलं.

रविवारी माडी भरली. जुन्याला मी आशी घाई केली की 'कब' आन् 'ड्डी' येकमेकावर पडायला लागल्या. सर मोठ्यानं मोजायलेत. साठ भरल्या. आता नवं. मी वढून वढून म्हणायलोय, क... ब... ड्डी. पण हळू म्हणलं की दम जास्ती जळतो, हे मला सुदरलंच न्हाई. तिसाव्या कबड्डीला चित्र नारळाच्या झाडापशी आलं, अन् माझे डोळे भाईर. दम तुटला. मी खोकायला लागलो. झाडाला झावळ्या अजून यायच्याच व्हत्या.

म्होरच्या खुर्चीवर एक कारकून बसलेले. त्यांचं पोरगं क्लासात व्हतं. ते म्हणले, "गडी बाद." माडी हसली. मंग त्यांनी मनगट वर केलं. सेकंदाचं घड्याळ. "मी बी मोजायलो होतो, सर. जुनं वीस सेकंद. नवं एकतीस. चौपट ते कुठं?"

सर माझ्याकडं वळले. "अडाणी माणूस हो. त्याला मोजायला सांगितलं हीच माझी चूक."

मोजलं व्हतं सरांनी. माझ्या तोंडात ते आलतं. पण आजून घंटाभराचं बसणं डोक्यात व्हतं, म्हणून बोलणं मी गिळलं.

कारकून माझ्याकडं बघून म्हणले, "विद्यापीठाला नाव पायजे तुमच्या लोकांला, अन् एक ते शंभर येईना." लोकं आणखी हसले. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं म्हणाल, तर मी. सवय व्हती. माझ्यावर हसायचं आसलं की मी कुणाला म्होरं जाऊ दिलं न्हाई.

मंग कारकून म्हणले, "पोरगं टायपिंग शिकायला धाडलंय, रांगोळी बघायला न्हाई. त्याला जुन्यावरच बसवा." बाकीच्यांनी बी तेच धरलं. सकाळपसून अंधार पडूस्तर जुन्यावर पोरांची पाळी लागली. नव्यावर सरांनी मखमलीचं फडकं घातलं. पाव्हणे आले की तेवढं उघडायचं, मला तर पुसायला बी मनाई.

मी पंधरा दिस थांबलो. मंग इचारलं, "सर, माझ्या घंट्याचं कसं?"

सर वहीत बघायलेत. म्हणले, "येळ कुठंय रे? लाईट गेली की बस."

ते चिडून म्हणले न्हाईत. चिडले आसते तर मला बरं वाटलं आसतं. येलदरी धरणाची वीज उशाला आसून आमच्याकडं दुपारी लाईट जायची. पोरं खाली च्या प्यायला उतरायची. एका दुपारी मी खरंच बसलो. वरच्या रांगेपसून एकेक बटन दाबत आलो, शेवटपस्तोर, एक बी सोडलं न्हाई. शेजारी फडक्याखाली नवं, म्होरं जुनं, दोन्हीचे पडदे काळे. तवा दोन्ही कार्डं सारखीच चपळ व्हती.

पंखा फिरायला लागला. कारकुनाचं पोरगं दारात चपला काढून हुभं. "उठा ना, माझी पाळी हाय."

मी उठलो. खांद्यावरचा टावेल काढला अन् जिथं बसलो व्हतो ती खुर्ची पुसून दिली. पुस म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.