बागेतला रांगता कृष्ण

चिंचवडला पवनेच्या काठी, एका लहानशा देवळामागच्या मोकळ्या जागेत एका शेठजींनी बाग केली, तेव्हा माझं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाग म्हणजे नुसती फुलझाडं नव्हेत. शेठजींना पुराणातले प्रसंग उभे करायचे होते. कावड खांद्यावर घेतलेला श्रावण, बोरं चाखणारी शबरी, मगरीनं पाय धरलेला गजेंद्र. ज्यांना पोथी वाचता येत नाही त्यांनी ती डोळ्यांनी पाहावी, असं ते म्हणायचे. हे सगळं सिमेंटमध्ये घडवायचं काम माझ्या यजमानांकडे आलं. एरवी ते शाडूचे गणपती करायचे. सिमेंटशी त्यांचं आधी मुळीच जमेना. शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून उद्यावर ढकलता येते, हे मेलं थांबत नाही, म्हणून चिडायचे.

श्रावण आणि शबरी उभे राहिले आणि आमचं बाळ गेलं. ताप आला तो उतरलाच नाही. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उठत होता. आमच्या दारावरून विटांचे ट्रक जायचे. पुढं त्या औषधांनी कितीतरी पोरं वाचली असतील, वाचोत. माझं मात्र भिंती उभ्या राहीपर्यंतसुद्धा थांबलं नाही. नुकतंच रांगायला लागलं होतं. माझा पदर धरून उभं राहू बघायचं आणि बदकन बसायचं.

लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. पुरुषमंडळी त्याला नदीकडे घेऊन निघाली. मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तर सासूबाईंनी माझा दंड धरला.

"बायांनी जायाचं न्हाई, पोरी."

ती बोटं मला अजून जाणवतात. सासूबाई वाईट नव्हत्या. माझ्याइतक्याच रडत होत्या. पण त्या एका गोष्टीची माफी मी त्यांना दिली नाही आणि आता देणारही नाही.

बाळाचा फोटो नव्हता. फोटो काढला की लेकराचं आयुष्य कमी होतं, हेही सासूबाईंचंच म्हणणं. न काढून काय वाढलं, ते दिसलंच. हळूहळू मला त्याचा चेहरा आठवेनासा झाला. डोळे आठवले की हनुवटी निसटायची. त्याच्या जाण्यापेक्षाही मला या विसरण्याची भीती वाटायची.

अशात यजमानांनी यशोदा करायला घेतली. ताक घुसळणारी यशोदा आणि मागून तिचा पदर ओढणारा रांगता कृष्ण. भोवती तट्ट्यांचा आडोसा करून काम करायचे. भाकरी घेऊन गेले तरी मला आत येऊ देत नसत. मला वाटलं, दुःखानं माणूस तिरसट झाला.

तट्टे काढले त्या दिवशी मी पाहिलं. मोरपीस आणि गळ्यातली माळ कृष्णाची होती. बाकी सगळा माझा होता. एकाच कुशीवर झोपून डाव्या कानाची वरची कड दुमडलेली असायची, तीसुद्धा तशीच. हे शेजारी उभे राहून हातावरचं वाळलेलं सिमेंट खरवडत होते.

"जमलाय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

मग रोज दुपारी भाकरी घेऊन गेले की मी आधी त्याच्याकडे जायची. पदरानं तोंडावरची धूळ पुसायची, ओठांना जरासं लोणी लावायची. ते मुंग्या खातात हे मला कळत होतं. कुणी वेडी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण आपल्याकडे मूर्तीपुढं बाई रडताना दिसली की कुणी तिला वेडी म्हणत नाही. देव जागृत आहे म्हणतात. कारखान्याच्या बांधकामावर आलेल्या परजिल्ह्यांतल्या बाया हात जोडू लागल्या. कुरुळी-चाकणकडच्या बाया बैलगाड्या करून येऊ लागल्या. एकीला नवसानं मूल झालं, आणि मग काय विचारता! यशोदेच्या रवीला लाकडी पाळणे टांगले गेले, कृष्णाच्या अंगावर अंगडी-टोपडी चढली. मला संताप यायचा. माझ्या पोराच्या अंगावर लोकांची झबली! पण सांगणार कुणाला?

पोरं त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा करायची, ते मात्र मला आवडायचं. गोकुळाष्टमीच्या दुपारी असंच एक पोरगं बसलं, घसरलं, आणि सावरायला त्यानं कृष्णाचा हात पकडला. हात मनगटात तुटला. पोरगं भेदरून रडायला लागलं. मी आधी त्याला उचललं, मग पाहिलं. मूठ यशोदेच्या पदराला तशीच होती. मनगटातून तार बाहेर आली होती.

"दंडापातुर सळई हाय," यजमान म्हणाले. "मनगटात मावंना. जाड केलं असतं तर टिकलं असतं."

जाड केलं असतं तर ते त्याचं मनगट राहिलं नसतं, हे ते बोलले नाहीत. सांजेपर्यंत जोडतो म्हणून त्यांनी सिमेंट कालवायला घेतलं. तेवढ्यात देवळातले बुवा आले, त्यांच्यामागून बाया.

"मिस्तरी, खंडित मूर्त जोडायची नसती. पाण्यात सोडावी लागंल."

"बुवा, ह्यो देव न्हाई, पुतळा हाय. श्रावणाची कावड मोडली तवा जोडलीच की मी. ह्याची प्राणप्रतिष्ठा कुठं झालीया?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं. "श्रावणाला कुणी निवद दावला न्हाई. ह्याची प्रतिष्ठा तुमच्या बायकूनंच केली, मिस्तरी. रोज दुपारी. समद्यांनी बघितलंय."

तो देव नाही, तो माझा मुलगा आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण नवस बोललेल्या बाया समोर उभ्या होत्या. काहींना दिवस गेले होते. त्यांना काय सांगू, की तुम्ही एका मेलेल्या लेकराच्या पाया पडलात? यजमानांच्या घमेल्यातलं सिमेंट तसंच घट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाला ओट्यापासून सोडवून बैलगाडीत गवतावर ठेवलं. सासूबाई घरून दहीभाताची शिदोरी घेऊन आल्या. मी लांब उभी होते. त्यांनी माझा दंड धरला, त्याच जागी.

"चल. देवाला निरोप द्यायला बाया जात्यात." मग हळूच म्हणाल्या, "म्या बी वळाकला हुता त्याचा कान."

पवना भरून वाहत होती. मी त्याच्या ओठांना दहीभात लावला. पाण्यात सोडताना टोपडं दोन्ही कानांवर नीट खाली ओढलं. पाणी जाऊ नये म्हणून.

परतताना बुवा म्हणाले, ती मूठही काढून नदीत सोडायला हवी. यजमान छिन्नी-हातोडा घेऊन बागेत गेले आणि बऱ्याच वेळानं घरी आले.

"सुटत न्हाई," म्हणाले.

छिन्नीला सिमेंटचा कणही लागलेला नव्हता. मी त्यांचं पान वाढलं.