वच्छीचा भाऊ

माझ्या उजव्या हातावर, कोपराखाली चार बोटं सोडून, माझं नाव गोंदलेलं नाही. तेच गोंदून घ्यायला मी गेलो होतो, गोंदणारा आपल्या कामात पटाईत होता आणि अक्षर तर इतकं वळणदार आलं आहे की आज इतक्या वर्षांनीही लांबून वाचता येतं. फक्त नाव माझं नाही. या गोष्टीचा मला तेव्हा राग आला होता. आजही येतो. हे लिहिताना आत्ताही आलेला आहे.

मी मुळात रागीट नाही. (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा स्वयंपाकघरातून कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे.) पण राग यावा अशा गोष्टी नेमक्या माझ्याच वाट्याला येत गेल्या, त्याला मी काय करणार?

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नसेल. मी यवतमाळला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत माय, धाकटी बहीण वच्छी आणि मी असे राहत होतो. त्यात लग्न होऊन सुमन आली. सुमन नेरच्या एका मास्तरांची मुलगी. मास्तर नव्या विचारांचे होते. मुलींना सातवीपर्यंत शिकवलं होतं आणि कोणाच्याही अंगाला गोंदणाऱ्या बाईची सुई लागू दिली नव्हती. मला याचा फार अभिमान होता. तो अभिमान तीन दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुमननं मायला पाण्याचा लोटा दिला. मायनं लोटा घेण्याऐवजी तिचा हात धरला. उलटा केला, सुलटा केला, बांगड्या वर सारून पाहिलं. मग लोटा न पिता खाली ठेवला.

"काहीच नाही वं हातावर?"

मायच्या स्वतःच्या हातांवर रिकामी जागा शोधावी लागायची. मनगटावर पाच ठिपके, ते तिचे पाच भाऊ. सासरी आली त्या वर्षीची तुळस. तिच्या वर एक पाळणा, आणि पाळण्यात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. (मी कारकून झाल्यावरही तो ठिपकाच राहिला, तिनं वाढवून घेतला नाही.) कुठलं कधी गोंदलं आणि कशासाठी, हे ती न चुकता सांगायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण आपला हात येत होता.

"मेल्यावर डोरलं काढून घेतेत, पाटल्या काढून घेतेत," माय म्हणाली. "गोंधन कोन काढते? तेवढंच संगं येते. जिच्या हातावर गोंधन नाही, तिच्या हातचं पानी मले नको."

 त्या दिवसापासून रोज दुपारी सुमन लोटा भरून मायच्या पुढ्यात ठेवायची. माय त्याकडे बघायची नाही. वच्छी दुसऱ्या तांब्यातून पाणी द्यायची. संध्याकाळी सुमन तो लोटा उचलून दारातल्या तुळशीला घालायची. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या तुळशी वाळल्या, आमची तेवढी कमरेएवढी झाली. ती हिरवीगार तुळस बघितली की माझं डोकं फिरायचं, कारण तिच्यात माझ्या बायकोच्या किती दुपारी गेल्या ते मला माहीत होतं.

मी मायशी भांडलो. वच्छी मधे पडली, ती मायच्या बाजूनं. म्हणाली, वहिनीला दोन ठिपके देऊन टाका, एवढं काय त्यात, मी तर पाच वर्षांची असताना घेतले. मी तिला सांगितलं की आजपासून मी तुझं नाव तोंडातून काढणार नाही. आणि काढलं नाही. पंधरा दिवस तिला हाक मारायची वेळ आली की मी भिंतीकडे बघून "घरात कोणी आहे का?" असं विचारायचो.

मायनं परस्पर आर्णीकडची एक गोंदणारी म्हातारी बोलावून घेतली. ती ओट्यावर बसली, दिव्याची काजळी वाटीत खलली आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया बाहेर काढल्या. सुमनचा चेहरा उतरला. मी मधे उभा राहिलो आणि म्हातारीला ऐकवलं की हे सगळं जुनाट आहे, घाण आहे, आता यंत्राचा जमाना आहे, माझ्या घरात या सुया चालणार नाहीत. 

"सुया माह्या हातात हायेत, साहेब," म्हातारी म्हणाली. "तुमी काहून कापून राह्यले?"

मी रागानं कापत होतो. हे मी तेव्हाही स्पष्ट केलं होतं.

त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या मैदानात जत्रा भरली, आणि तिथं गोंदायची मशीन आल्याचं कचेरीत कळलं. मला वाटलं, सुटलो. मायला गोंदण पाहिजे, सुमनला त्या सुया नकोत, मशीननं दोघींचं समाधान होईल. मायनं सांगितलं की मशीनच्या गोंदणाला मी गोंदण म्हणत नाही. मी सांगितलं, तू काय म्हणतेस ते मी विचारलेलं नाही. आणि रविवारी दुपारी सुमनला घेऊन तणतणत निघालो.

मशीनवाला रहीम मिस्त्री नावाचा एक मध्यम वयाचा माणूस होता. पुढ्यात मोटारीची बॅटरी, तिच्यातून निघालेल्या दोन तारा आणि त्यांच्या टोकाला एक सुई. पाठीमागच्या फळीवर नमुने रंगवलेले होते: गुलाब, वाघ, मोटारगाडी, हनुमान. मिस्त्रीनं बटण दाबलं तशी ती सुई गांधीलमाशीसारखी घोंघावायला लागली. सुमन माझ्या पाठीमागे सरकली.

आता मी शहाणा असतो तर घरी परतलो असतो. पण भोवती दहा-वीस माणसं जमली होती आणि मला बोलायची सवय. मी सुमनला, म्हणजे खरं तर सगळ्यांनाच, समजावून सांगितलं की यंत्राच्या सुईनं दुखत नाही, सुई इतकी जलद असते की कातडीला ती लागल्याचं कळायच्या आत ती बाहेर आलेली असते. (हे मी कुठं वाचलं नव्हतं. तिथंच सुचलं.) बाही वर केली, हात पुढे केला आणि म्हटलं, "आधी माझ्यावर काढा. वर गुलाब, खाली माझं नाव."

मिस्त्री म्हणाला, पहले गुलाब निकालता हूँ, नाम बाद में पूछूँगा. साऱ्या घोळाचं मूळ ते इथं आहे.

पहिली पाकळी होईपर्यंत मी सुमनकडे बघून हसत होतो. दुसऱ्या पाकळीला नुसते दात दिसत असावेत. मग देठ सुरू झालं. पानांचं मला काही आठवत नाही.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी आडवा झाल्यावर लोकांनी वारा घालायला जागा केली. मिस्त्री कामाचा पक्का माणूस. त्यानं विचार केला की साहेब गप पडले आहेत तर हात हलणार नाही, उरलेलं काम याच वेळी उरकावं. त्यानं सुमनला विचारलं, "बाई, साहब का नाम क्या लिखना है?"

आता आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अगदीच घ्यायचं झालं तर लग्नाकार्यात, चार बायका मागे लागल्यावर, उखाण्यात.  मिस्त्रीनं दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा गर्दीतल्या एका बाईला सुमनची अडचण समजली आणि तिनं सुचवलं, उखाणा घे वं माय. झालं, गर्दी उखाण्यासाठी आग्रह करायला लागली. मी धुळीत पडलेलो, गुलाब अर्धा झालेला, मशीन घोंघावते आहे आणि लोक माझ्या बायकोला उखाण्याचा आग्रह करताहेत. सुमनला दोन उखाणे येत होते. एकात चांदीचं ताट होतं, दुसऱ्यात महादेवाचं देऊळ. समोर पडलेल्या माणसाला दोन्ही लागू होईनात.

शेवटी तिनं नळावर कोणी विचारलं तर जे सांगायची ते सांगितलं, "वच्छीबाईचे भाऊ."

मिस्त्रीनं लोकांच्या हातांवर आतापर्यंत काय काय लिहिलं होतं देव जाणे, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. फक्त जागा कमी होती म्हणून त्यानं मान थोडा कमी केला.

मी शुद्धीवर आलो तेव्हा हाताला आग लागल्यासारखं वाटत होतं. मान वळवून पाहिलं. गुलाब सुरेख होता. त्याच्या खाली लिहिलं होतं: वच्छीचा भाऊ.

"हे काय आहे?"

"आपही का तो है," मिस्त्री म्हणाला. "बाई ने बताया."

मी ओरडलो, पुसून टाक. मिस्त्रीनं सुई कापडानं पुसली, जागच्या जागी ठेवली आणि म्हणाला, "साहब, ये स्लेट नहीं है."

घरी येईपर्यंत मी बोलत होतो आणि सुमन ऐकत होती. मास्तरांची मुलगी, सातवी शिकलेली, डोळ्यांसमोर नवऱ्याच्या हातावर भलतंच लिहिलं जातंय आणि वाचता येऊ नये? ती म्हणाली, मी तुमच्या तोंडावर पाणी मारत होते. हाताकडे पाहिलं तेव्हा 'वच्छीचा' एवढं लिहून झालं होतं.

"मग तिथंच थांबवायचं होतं!"

"थांबवलं असतं तर नुसतं 'वच्छीचा' राह्यलं असतं," सुमन म्हणाली. "मंग म्हटलं, भाऊ होऊ द्या."

हे बरोबर होतं, त्यामुळे राग आणखी वाढला.

घरी मी बाही खाली ओढून बसलो. पण हात सुजून फुगला होता आणि माय आंधळी नव्हती. तिनं बाही वर केली आणि वच्छीला वाचायला बोलावलं. वच्छीनं वाचलं. पहिल्यांदा ती इतकी हसली की खाली बसली.  मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंधरा दिवस बोलला नाही माह्यासंगं," ती मायला म्हणाली, "अन् दादानं, पाह्य, काय करून आणलं."

मी तिची माफी मागितली असा तिचा समज झाला होता. मी तोंड उघडलं. पण सतरा वर्षांची पोर, पुढच्या वर्षी लग्न होऊन जायची, माझा सुजलेला हात धरून रडत होती. मी तोंड मिटलं. आयुष्यात राग गिळण्याची ही माझी पहिली वेळ, आणि तो गिळायला फार कडू लागला.

मायची मात्र अशी समजूत झाली नाही. तिनं सुमनला विचारलं, खरं काय झालं? सुमननं मान खाली घालून सगळं सांगितलं. मी आडवा पडल्यापासून भाऊ पूर्ण होईपर्यंत. मी वाट बघत होतो की आता हिच्यावर वीज पडणार, आणि मी आता कोणाच्या बाजूनं भांडू तेच मला ठरवता येत नव्हतं.

"म्हंजे हा असा पडला होता," माय म्हणाली, "सारी जत्रा पाहून राह्यली होती, अन् तरी तू नाव नाही घेतलं?"

सुमननं नाही म्हणून मान हलवली.

"पानी आन," माय म्हणाली.

वच्छी उठायला लागली तर मायनं तिला हातानं बसवलं. सुमन धावत आत गेली आणि लोटा घेऊन आली. धावण्यात पाणी पदरावर सांडलं. मायनं लोटा घेतला, तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाली केला. त्या संध्याकाळी तुळशीला पाणी मी घातलं.

मी मायला विचारलं, आणि गोंदणाचं काय? हात तर अजून कोराच आहे.

"तिचंच गोंधन हाय ते," मायनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "तुह्या हातावर झालं, एवढंच."

म्हणजे कळ मी सोसली, धुळीत मी पडलो, आणि पुण्य सुमनला. बरं, गोष्ट इथं संपती तरी मी विसरलो असतो. पण पुढच्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली आणि सर्व्हिसबुकात ओळखीची खूण भरायची वेळ आली. माझ्या कपाळावर तीळ आहे, गुडघ्यावर व्रण आहे. पण हेडक्लार्कांनी चष्मा लावून माझा हात वाचला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: उजव्या हातावर गुलाब व 'वच्छीचा भाऊ' असे गोंदलेले. ते बुक प्रत्येक बदलीत माझ्या आधी पोचायचं. नेरला गेलो, आर्णीला गेलो, परत यवतमाळला आलो. हजर व्हायच्या आधीच शिपायापासून साहेबापर्यंत सगळे विचारायचे, वच्छी बरी आहे ना?

जत्रेनंतर महिनाभरात सुमननं त्याच आर्णीकडच्या म्हातारीला आपण होऊन बोलावलं होतं. मी कचेरीत असताना. तीन सुयांनी मनगटावर गोंदून घेतलं आणि हूं की चूं केलं नाही, असं वच्छीनं मला मुद्दाम सांगितलं. मी येऊन पाहिलं तर विंचू. तुळस नाही, पाळणा नाही, विंचू. मी चिडून विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, अर्थ काही नाही, नक्षी आहे.

वच्छी सासरी गेली. माय गेली तेव्हा तिच्या अंगावरचं सगळं उतरवलं. पाळण्यातला ठिपका मात्र तिच्यासोबत गेला.

परवा हे लिहून झाल्यावर सुमनला वाचून दाखवलं. मी रागीट नाही या वाक्याला ती हसली ते वर सांगितलंच आहे. मी तिथंच थांबून तिला बाहेर बोलावून जाब विचारला, आणि विचारता विचारता तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं. इतक्या वर्षांनी पुन्हा विचारलं, खरं सांग, तो विंचू कशाचा?

"मले तुमचं नाव घेता येत नव्हतं ना," ती म्हणाली. "म्हणून चित्र काढून घेतलं."

मी ताडकन उठलो. बोट उगारून तिला विचारलं की मी विंचू आहे का, माझ्यात तुला विंचवासारखं काय दिसलं?  तिनं नुसतं आपल्या मनगटावरच्या त्या वर उचललेल्या नांगीकडे पाहिलं, मग माझ्या वर उचललेल्या बोटाकडे पाहिलं.

मी बोट खाली घेतलं. दोघांच्या हातांवर मिळून माझं नाव एकदाच गोंदलं गेलं, आणि जिथं गोंदलं तिथं ते अगदी बिनचूक आहे.